नायगावचा हेल

अहमदपूरच्या सिंधुबाई सोनकांबळे यांना माणसाचा चेहरा फारसा लक्षात राहत नाही, आवाज राहतो. बाजारात कुणी समोर येऊन हसलं की त्या गोंधळतात, पण त्याच माणसानं पाठीमागून हाक मारली तर वळायच्या आधीच नाव सांगतात. छत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात काढल्यावर दुसरं काय होणार?

चौऱ्याऐंशी साली त्या लातूरला ऑपरेटर म्हणून लागल्या तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. कानाला हेडफोन आणि समोर भोकाभोकांचा बोर्ड, असे ते दिवस होते. लोक ट्रंक कॉल लावून तास-तास वाट बघायचे. सिंधुबाई नंबर जोडून द्यायच्या, "बोला" म्हणायच्या आणि बाजूला व्हायच्या. पण त्या एका शब्दापुरतं का होईना, दोन्हीकडचं माणूस त्यांच्या कानात येऊन जायचं. उदगीरचा माणूस बोलता बोलता कानडीत शिरायचा. देगलूरच्या वाक्यात तेलुगू पाहुण्यासारखी येऊन बसायची. आणि नायगावकडची माणसं वाक्याचा शेवट असा ओढून वर न्यायची की विचारतायत का सांगतायत तेच कळू नये. तो हेल सिंधुबाईंना फार आवडायचा.

किल्लारीचा भूकंप झाला त्या आठवड्यात त्यांनी सलग ड्यूट्या केल्या. पुण्या-मुंबईहून माणसं फोन लावायची, गावाचं नाव सांगायची आणि पुढं बोलायचीच नाहीत. सिंधुबाईंनी तेव्हा एक गोष्ट शिकून घेतली. पलीकडचं माणूस गप्प झालं म्हणजे बोलणं संपलं असं नसतं. अशा वेळी लाईन काढायची नाही.

पुढं बोर्ड गेला, सगळं आपोआप जोडलं जाऊ लागलं. सिंधुबाई बिलाच्या खिडकीवर बसल्या आणि शेवटी स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी आल्या. त्यांचे यजमान आनंदराज गुरुजी झेडपीच्या शाळेतून आधीच निवृत्त झाले होते. मुलगी धम्मप्रिया लग्न होऊन संभाजीनगरला. घरात दोघंच.

तो मंगळवार होता. सकाळचे अकरा वाजले असतील. सिंधुबाई ओसरीवर शेवग्याच्या शेंगा मोडत बसल्या होत्या आणि फोन वाजला.

"मैं टेलिकॉम डिपार्टमेंट से नेहा बोल रही हूँ," पलीकडून एक पोरगी पाठ केल्यासारखं म्हणाली. "आपके नाम के दूसरे नंबर से गैरकानूनी मेसेज गए हैं. दो घंटे में आपके सब नंबर बंद हो जाएँगे."

सिंधुबाईंना हसूच आलं. ज्या खात्याची पेन्शन खातोय, त्याच खात्याच्या नावानं आपल्यालाच भेडसावायला निघालीय! त्या म्हणाल्या, "बंद करा, बाई. तेवढाच कानाला आराम."

"मॅडम, ऐसा मत बोलो. आधार कार्ड हाथ में लो. दो मिनट दम धरो, मैं साहब को जोडती हूँ."

सिंधुबाईंचा हात शेंगेवरच थांबला. दम धरो? हिंदीतलं कुणी असं म्हणत नाही. आणि तो शेवटचा 'हूँ' कसा ओढून वर गेला होता! तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचा तो हेल जसाच्या तसा कानात उतरला.

"पोरी," त्या मराठीत म्हणाल्या, "तू नायगावकडची हाईस का?"

पलीकडं एकदम शांतता. सिंधुबाईंनी फोन ठेवला नाही. आता पोरीच्या पाठीमागचं ऐकू येऊ लागलं. शेकडो माणसं एकाच वेळी बोलत होती, हिंदीत, इंग्रजीत, आणि कधीच न ऐकलेल्या भाषांत. मोठ्या हॉलमधला तो गलका होता. मधूनच कुणीतरी टेबलावर जोरात काहीतरी आपटत होतं, आणि त्या आवाजासरशी पोरीचा श्वास अडकत होता.

"हाव," असं अगदी हळू ऐकू आलं, आणि फोन कट झाला.

गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढला. "अगं, फसवणाऱ्यांची टोळी हाय ती. रोज पेपरात येऊन राहिलंय. नंबर ब्लॉक कर."

"फसवणाऱ्याचा आवाज मला कळतो हो. हा भ्यालेल्याचा होता."

"मग आता काय करणार?"

"ती परत करील."

सिंधुबाईंनी त्या नंबरवर उलटा फोन लावून बघितला. नंबर अस्तित्वातच नव्हता. तीन दिवस त्या फोन पदराला बांधल्यासारखा घेऊन फिरल्या. आंघोळीला जाताना गुरुजींच्या हातात देऊन जायच्या आणि दाराआडून दोनदा विचारायच्या, "वाजला का?" गुरुजी आधी चिडले, मग त्यांनाही चुटपूट लागली.

शनिवारी तोच आवाज आला. आता पोरगी खणखणीत बोलत होती, म्हणजे जवळ कुणीतरी उभं होतं. सिंधुबाईंनी फोन स्पीकरवर टाकला आणि गुरुजींना खूण केली. गुरुजींनी आपल्या फोनवर रेकॉर्डिंग चालू करून तो शेजारी धरला.

"मॅडम, केस में एक लडकी का नाम आया है. नाम लिख लो. सुकन्या. बाप का नाम भुजंग, आडनाव ढगे. गाँव सावळदरा, तालुका नायगाव. आप इसको जानती हो?"

पोरीची हुशारी सिंधुबाईंना त्या क्षणी कळली. हिंदी समजणाऱ्या पहारेकऱ्याच्या देखत, खोट्या केसचे कागद वाचतेय असं दाखवून ती स्वतःचाच पत्ता सांगत होती. सिंधुबाईंनी लगेच घाबरलेल्या म्हातारीचा सूर लावला. "अगं माय! न्हाई बाई, मी काहून वळखीन? कुठं हाय ही पोरगी?"

"थायलैंड बोलके गई थी. थायलैंड में नहीं है. नदी के उस पार है, म्यानमार में. पासपोर्ट जप्त है."

"कुणी केला जप्त?"

"कंपनी ने." आवाज किंचित हलला. "बहुत लोग हैं ऐसे. आप किसी को बताओ मत, मॅडम. समझीं?"

"समजलं, बाई," सिंधुबाई म्हणाल्या. "मी न्हाई सांगत कुणाला. तू परत फोन कर. मला लई भ्या वाटून राहिलंय, तूच सांग मला काय करायचं ते."

फोन बंद झाला. गुरुजींच्या हातातला फोन अजून रेकॉर्ड करतच होता.

दुसऱ्या दिवशी दोघांनी एसटी धरली. नायगावला उतरून रिक्षानं सावळदरा. गावाच्या कडेला सोयाबीनची रास झाकून ठेवलेलं घर, अंगणात भुजंग ढगे बैल धूत होते. पन्नाशीचा, वाळक्या अंगाचा माणूस. सिंधुबाईंनी नाव सांगितलं. आडनाव ऐकून भुजंगराव क्षणभर थांबले. तो क्षण सिंधुबाईंच्या ओळखीचा होता. बोर्डावर तो कधी आला नव्हता, तिथं फक्त नंबर विचारायचे. मग भुजंगरावांनी हात पुसले आणि आतून दोन खुर्च्या आणल्या.

"सुकन्याबद्दल बोलायचं होतं," सिंधुबाई म्हणाल्या.

"सुकन्या बँकॉकला हाय. हाटेलात कंपुटरवर." भुजंगरावांनी अभिमानानं फोन काढून दाखवला. हसऱ्या पोरीचा फोटो, पाठीमागं पांढरी भिंत. "पंधरा दिवसाला फोटू येतो. बोलायला वेळ नसतो तिला."

सिंधुबाईंनी जमेल तितक्या हळुवारपणे सांगितलं. भुजंगरावांचा चेहरा बदलत गेला. "म्हणजे आमची पोरगी लोकाला फसवून राहिली, असं म्हणता? बी.कॉम. झालेली पोरगी हाय ती! तुम्ही कोण, कुठल्या, आन् येऊन..."

"भुजंगराव, तिला बसवलंय. ती बसली न्हाई."

ते ऐकून घ्यायला तयार नव्हते. तेव्हा गुरुजींनी न बोलता रेकॉर्डिंग लावलं. घरातून सुकन्याची आई चतुराबाई पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आल्या. फोनमधून खणखणीत हिंदी येत होती. चतुराबाईंना हिंदी धड कळत नव्हती. पण स्वतःचं गाव, नवऱ्याचं नाव, पोरीचं नाव ऐकलं आणि त्या दारातच खाली बसल्या.

"माझी पोरगी अशी बोलत न्हाई," त्या म्हणाल्या. "ती भ्याली की अशी मोठ्यानं बोलती. लहानपणापासून." आणि पीठ लागलेले हात तोंडावर धरून रडू लागल्या. भुजंगराव उठले, बैलाच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

नांदेडला एका दुकानात हिशेब लिहीत असताना सुकन्याला मोबाईलवर जाहिरात दिसली होती. थायलंडमध्ये डाटा एन्ट्री, राहणं-खाणं फुकट. व्हिडिओवर मुलाखत झाली, तिकीट आलं. बँकॉकच्या विमानतळावर गाडी आली आणि ती गाडी दिवसभर चालतच राहिली. हे सगळं नंतर कळलं. त्या दिवशी अंगणात एवढंच कळलं की पोरगी नदीपलीकडं आहे आणि तिनं हाक मारली आहे.

तक्रार कुठं द्यायची यावरच आठवडा गेला. एकीकडं म्हणाले, मुलगी दुसऱ्या जिल्ह्यातली. दुसरीकडं म्हणाले, फोन तिकडच्या जिल्ह्यात आला. शेवटी लातूरला सायबरचं काम बघणाऱ्या फौजदार आरती केंद्रे भेटल्या. तिशीची बाई, बोलणं तुटक, पण तिनं रेकॉर्डिंग शेवटपर्यंत ऐकलं, आणि परत एकदा ऐकलं.

"काकू, एक अडचण सांगते," ती म्हणाली. "कागदावर ही मुलगी आरोपी हाय. तिच्या आवाजात फसवणुकीचा फोन हाय. उद्या ती सुटली तर पहिला प्रश्न हाच येणार, की हिला धरायचं का वाचवायचं?"

भुजंगराव खुर्चीतून अर्धे उठले.

"बसा, काका. म्हणूनच आज फिर्याद घ्यायची. माणसांची तस्करी म्हणून. ती सुटायच्या आधी ती पीडित हाय हे नोंदलेलं पाहिजे. मग हा कागद दिल्लीला जाईल, तिथनं आपल्या वकिलातीला. तिकडं सीमेवर काही संस्था हाईत, त्या याद्या करतात. चार-पाच देशांचे पोलीस एकमेकांना नावं पाठवून राहिलेत. आपलं नाव त्यात पाहिजे."

"मग आणतील का तिला?" चतुराबाईंनी विचारलं.

आरतीनं खोटं सांगितलं नाही. "माहीत न्हाई, मावशी. पण ज्याचं नाव यादीत न्हाई, त्याला कुणी शोधत न्हाई."

वकिलातीकडून उलटा निरोप आला, जागा नेमकी कळवा, नदीकाठी अशा पन्नास इमारती आहेत. आता सगळं पुढच्या फोनवर होतं.

तो आला निरोपानंतर नवव्या दिवशी, दुपारी. आरतीनं सांगून ठेवलं होतं, जेवढं लांबवता येईल तेवढं लांबवा. ज्या बाईकडून पैसे निघतील असं वाटतं, तिच्याशी बोलायला पोरीला वेळ देतात.

"मॅडम, आपने किसी को बताया तो नहीं?" सुकन्यानं मागचाच धागा धरून सुरुवात केली.

सिंधुबाईंनी रडका सूर लावला आणि पहारेकऱ्याला कळणार नाही अशा ठेठ मराठीत बडबड सुरू केली, भ्यालेली म्हातारी करते तशी. "न्हाई गं बाई, कुणाला सांगू? मधी मी नायगावला जाऊन आले. सावळदऱ्याला. माझ्या वळखीचं घर हाय तिथं. भुजंगराव म्हणून हाईत. चतुराबाई हाईत. दोघं बरी हाईत. सोयाबीन झालं, बैल चांगले हाईत. त्यांची पोरगी परदेशात हाय, तर त्यांना सगळं कळलंय आता. समदं कळलंय. अजिबात रागावले न्हाईत. वाट बघून राहिलेत. तुला सांगते, बाई, माणसानं वाट बघणाऱ्याचा तरी विचार करून जीव सांभाळावा."

पलीकडून काहीच आलं नाही. सिंधुबाई थांबल्या. दहा सेकंद, वीस सेकंद. टेबलावर काहीतरी आपटल्याचा आवाज आला.

"ठीक है मॅडम," सुकन्या म्हणाली. एकेक शब्द ती दातांनी धरून सोडत होती. "नोट कर लिया. सब नोट कर लिया."

"आता माझं घर बघायला साहेब येणार म्हणतेस, तर त्यांना खूण काय सांगू? तुमच्या हापिसासमोर काय हाय, तसं सांग, म्हणजे मला बी सांगता येईल."

पोरगी क्षणात समजली आणि टेलिकॉमच्या ऑफिसचा पत्ता द्यावा तशा सुरात म्हणाली, "ऑफिस के सामने पेट्रोल पंप है, बंद पडा हुआ. बाजू में पीली बिल्डिंग, उसके ऊपर लाल अक्षर. पीछे नदी, लकडी का पूल. हम चौथे माले पे हैं. खिडकी को जाली है."

हे सगळं त्याच संध्याकाळी आरतीनं पुढं पाठवलं.

त्यानंतर फोन आला नाही. एक आठवडा गेला, दुसरा गेला. सिंधुबाईंना जेवण जाईना. आपण जास्त बोललो का, पहारेकऱ्याला कळलं का, पोरीला काही केलं का? त्या स्वतःला पुन्हा पुन्हा रेकॉर्डिंग ऐकवत बसायच्या, आपल्याच बोलण्यातली चूक शोधत. गुरुजींनी एक दिवस फोन हातातून काढून घेतला. "सिंधु, तू लाईन जोडून दिलीस. आता पलीकडच्यांना बोलू दे." चतुराबाई रोज सकाळी फोन करायच्या. दोघींकडं सांगायला काही नसायचं. "चहा झाला का," "भाजी काय केली," एवढंच. पण एकही दिवस चुकला नाही.

मग बातम्या येऊ लागल्या. थायलंडनं सीमेपलीकडची वीज तोडली. त्या भागावर ताबा असलेल्या बंदूकधाऱ्यांवर तीन-चार देशांनी दाब आणला आणि त्यांनी इमारती रिकाम्या करायला सुरुवात केली. माणसांचे लोंढे होड्यांमधून नदी ओलांडून थायलंडमधल्या मे सोट नावाच्या गावात येत होते. चिनी, भारतीय, केनियाचे, इथिओपियाचे. टीव्हीवर एका मोठ्या हॉलमध्ये जमिनीवर बसलेली शेकडो माणसं दिसली. भुजंगराव टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन एकेक चेहरा बघत होते.

पहिल्या यादीत सुकन्याचं नाव नव्हतं. दुसऱ्यातही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी आरतीचा फोन आला. तिचं बोलणं नेहमीपेक्षाही तुटक होतं. "काकू, वकिलातीतून विचारणा हाय. एका मुलीकडं कागद न्हाई, काहीच न्हाई. कंपनीच्या रजिस्टरात नेहा म्हणून नाव. ती म्हणती, मी सुकन्या ढगे, माझी गावाकडं फिर्याद हाय. तिला हे कसं माहीत?"

फिर्यादीचं सिंधुबाईंनी तिला कधीच सांगितलं नव्हतं. 'समदं कळलंय' एवढं म्हटलं होतं फक्त, आणि पोरीनं उरलेलं स्वतःच्या मनानं धरलं होतं. असणारच, म्हणून.

ज्यांच्या गावाकडं काहीच नोंद नव्हती, त्यांची ओळख पटायला आठवडे लागले. सुकन्याची एका दिवसात पटली. फोटो, शाळेचा दाखला, आईबापाचे जबाब, सगळं आधीच फायलीत होतं. लष्करी विमानानं ती दिल्लीला आली, तिथं दोन दिवस जबाब झाले, आणि आरती स्वतः दोन महिला शिपायांना घेऊन तिला आणायला गेली.

नांदेडच्या स्टेशनवर गाडी आली तेव्हा चतुराबाईंनी पोरीला ओळखलंच नाही. केस कानापर्यंत कापलेले, गाल आत गेलेले. सुकन्या आईच्या गळ्यात पडली, पण रडली नाही. भुजंगरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तो बाहेर रिक्षात बसेपर्यंत काढला नाही. सिंधुबाई जरा लांब उभ्या होत्या. हे त्यांच्या घरचं होतं, आपण मधे कशाला. पण सुकन्या मागं वळली. तिनं सिंधुबाईंना कधी पाहिलं नव्हतं.

"टेलिकॉमवाल्या मॅडम?" तिनं विचारलं.

"हाव," सिंधुबाई म्हणाल्या.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. पण सुकन्या घरी येऊन गप्प झाली. फोन वाजला की उठून गोठ्यात जायची. गावात कुजबुज होतीच, कुणी म्हणायचं काय काय करून आली असेल, कुणी म्हणायचं लोकांचे पैसे खाऊन आली. ज्या एजंटानं तिला पाठवलं होतं तो हैदराबादला सापडला. आरतीनं येऊन सांगितलं, तरी तिनं फक्त मान हलवली.

चतुराबाईंच्या सांगण्यावरून सिंधुबाई तिला आठ दिवसांसाठी अहमदपूरला घेऊन आल्या. चौथ्या दिवशी भाजी निवडताना पोरगी आपणहून बोलली.

"काकू, तुमच्या आधी एक आजोबा होते. उदगीरचे. मला महाराष्ट्राची यादी दिली होती. त्यांच्या बोलण्यावरून कळलं, आपल्याकडचे हाईत. एसटीत ड्रायव्हर होते. त्यांनी दिले पैसे. रडत होते ते, आन् मी बोलत राहिले. मला थांबायचं होतं. मी थांबले न्हाई."

सिंधुबाईंनी 'तुझी काय चूक' असं म्हटलं नाही. ते तिला सगळ्यांनीच म्हणून झालं होतं आणि त्यानं काही हललं नव्हतं. त्यांनी विचारलं, "नाव आठवतं का?"

"माणिकप्पा. विसरणार न्हाई कधी."

आरतीनं त्यांची तक्रार शोधून काढली. आधी स्वतः जाऊन त्यांना भेटली, त्या मुलीला तुम्हाला भेटायचंय असं सांगितलं. दोन दिवसांनी त्यांचा निरोप आला, या म्हणून.

उदगीरला बसस्टँडजवळच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर. माणिकप्पा सत्तरीचे, कपाळावर भस्माचे पट्टे, अंगात बंडी. दार त्यांनीच उघडलं. आत खुर्च्या होत्या, पण ते बसा म्हणाले नाहीत. सुकन्या उंबऱ्याच्या आत येऊन उभी राहिली. बरोबर काय बोलायचं ते तिनं बसमध्ये दहा वेळा घोकलं होतं.

"आजोबा, मी..." ती म्हणाली.

"हाच," माणिकप्पा म्हणाले. ते तिच्याकडं बघत नव्हते, डोळे मिटले होते. "हाच आवाज."

सिंधुबाईंनी पोरीच्या पाठीवर हात ठेवायला उचलला, आणि तसाच खाली घेतला. हे तिचं तिलाच बोलायचं होतं.

"मी तुमच्याशी खोटं बोलले," सुकन्या म्हणाली. "तुम्ही बी.पी.ची गोळी घेऊ दे म्हणालात, मी फोन ठेवू दिला न्हाई. मला माफ करा म्हणायला न्हाई आले. मी होते ती, एवढं सांगायला आले."

माणिकप्पांनी डोळे उघडले. "माझी मुलगी सोलापूरला असती. तिचा फोन आला तरी माझा हात कापतो आता. हे तू केलंस." मग त्यांनी विचारलं, "तुला मारत होते का तिथं?"

"मुलींना मारायचे न्हाईत जास्त. उभं करायचे. ज्या दिवशी कुणी पैसे दिले न्हाईत, त्या दिवशी उभं. पाय सुजून बूट काढता यायचा न्हाई."

"मला फोन केलास त्याच्या आधी?"

"दोन दिवस."

माणिकप्पा भिंतीजवळच्या खाटेवर बसले. तीस वर्षं एसटीचं स्टेअरिंग धरलेले त्यांचे हात मांडीवर उघडमिट होत होते. "राग हाय मला," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू? अजून हाय. जाईल का न्हाई, माहीत न्हाई."

ते उठले. कोपऱ्यातली खुर्ची त्यांनी दोन्ही हातांनी उचलली आणि सुकन्याच्या मागं आणून ठेवली.

"बस," ते म्हणाले.

सुकन्या बसली आणि मग तिला रडू फुटलं, घरी आल्यापासून पहिल्यांदा. माणिकप्पा आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आले, सिंधुबाईंच्या हातात दिला आणि दारात जाऊन, रस्त्याकडं तोंड करून उभे राहिले. पोरीचं रडणं संपेपर्यंत त्यांनी मागं वळून पाहिलं नाही.